भाषेचा तास आणि मुलांची शंका



उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातील मंडळींनी एकत्र जमावे, कोणी काही सांगावे आणि इतरांनी ते ऐकावे, ही प्रथा आपल्याकडे जुनी आहे. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. ऐकणे आणि ऐकलेले पारखून घेणे या दोन्ही गोष्टी समाजाने शिकाव्यात, हा अशा मालांचा हेतू. आम्ही आज बोलणार आहोत तो विषय या दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे पारखण्याचा आहे. मात्र त्यासाठी आम्ही आपणांस तत्त्वज्ञानाच्या प्रांतात नेणार नाही. शाळेत रोज घंटा वाजली की सुरू होतो तो मराठीचा तास, एवढेच आमचे क्षेत्र.

मुलांना विचार करायला कोणता विषय शिकवतो, असे कोणासही विचारले तर उत्तर ठरलेले असते: गणित, नाही तर विज्ञान. भाषेचे नाव कोणी घेत नाही. भाषेच्या तासाला कविता पाठ करावी, शुद्धलेखन गिरवावे, ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर चाळीस ओळी लिहाव्यात, आणि परीक्षेत बरे गुण मिळाले की मराठीस रामराम ठोकावा, अशी आपली समजूत. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. शंका काढणे, तर्क करणे, तो तर्क पुराव्यावर घासून पाहणे आणि न टिकल्यास सोडून देणे, हे सारे मुलाला प्रथम शिकवता येते ते भाषेच्याच तासाला. इतर विषयांची पाळी मागून येते.

असे का, याचे कारण साधे आहे. विज्ञानाचा प्रयोग करायचा तर साहित्य हवे, आणि कित्येक शाळांत ते साहित्य कपाटात असते व कपाटास कुलूप असते. इतिहासाची शहानिशा करायची तर कागदपत्रे हवीत, आणि ती दफ्तरखान्यात असतात. भाषेचे तसे नाही. सहा वर्षांचे मूल शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवते तेव्हा मराठी भाषा, तिच्या साऱ्या लकबींसह, तोंडात घेऊनच आलेले असते. ज्या वस्तूचा अभ्यास करायचा ती वस्तू त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे. खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेतील मुलापाशी जेवढा पुरावा आहे तेवढाच शहरातल्या श्रीमंत शाळेतील मुलापाशी आहे. किंबहुना खेड्यातल्या मुलापाशी तो थोडा अधिकच असेल.

नुसते विधान करून भागणार नाही, उदाहरण दिले पाहिजे. ‘वेळ’ हा आपल्या नित्याच्या वापरातला शब्द घ्या. तो वेळ की ती वेळ? पुस्तकात पाहिले तर दोन्ही लिंगे दिलेली आढळतील, आणि तेवढ्यावर आपण पान उलटू. पण समजा, शिक्षकांनी वर्गाला म्हटले, ‘आपण कधी तो वेळ म्हणतो आणि कधी ती वेळ म्हणतो, याची वाक्ये आणा बरे.’ मुले भराभरा वाक्ये आणतील. मला वेळ मिळाला नाही. फार वेळ लागला. जेवायची वेळ झाली. गाडीची वेळ चुकली. वाईट वेळ आली. एखादे मूल म्हणेल, चांगला असला की तो आणि वाईट असली की ती. लगेच दुसरे म्हणेल, जेवायची वेळ वाईट कशी? पहिला तर्क पडला. मग तिसरे कोणी सांगेल, जो मोजायचा असतो, लागतो, पुरतो, उरतो, तो वेळ. आणि जी यायची असते, गाठायची असते, चुकायची असते, ती वेळ. हा तर्क लावून पाहावा. ‘वेळ निघून गेला’ आणि ‘वेळ निघून गेली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यात नुसता काळ सरला. दुसऱ्यात संधी हुकली. चौथीतल्या मुलांनाही हा भेद कळतो, कारण तो त्यांना कोणी न शिकवता येतच असतो. आपल्याला काय येते हे त्यांना तोवर ठाऊक नसते, इतकेच.

या अर्ध्या तासात काय घडले पाहा. मुलांनी पुरावा गोळा केला, त्यावरून तर्क बांधला, विरुद्ध उदाहरणाने तो मोडला, दुसरा बांधला आणि पुन्हा तपासला. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत याहून निराळे काय करतो? आणि यास खर्च आला तो खडूच्या एका तुकड्याचा.

दुसरे उदाहरण उच्चाराचे. ‘माझा’ म्हणा आणि ‘माझी’ म्हणा. लिहिताना झ एकच. बोलताना मात्र जीभ दोन ठिकाणी लागते. ‘चूल’ आणि ‘चिमटा’, ‘जागा’ आणि ‘जीभ’ या जोड्यांतही तेच. लिपी हा भेद दाखवीत नाही, तरी मराठी घरातले मूल तो चुकत नाही. मुलांनाच शोधू द्या. थोड्याच वेळात ती सांगतील की पुढे इ, ई किंवा ए आला की जीभ वर टाळूस लागते. नियम सापडला म्हणून मुले टाळ्या वाजवतात न वाजवतात तोच कोणी विचारील, ‘मग चंद्र? मग जय?’ येथे शिक्षकांनी सांगावे की हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आणि आपला उच्चार बरोबर घेऊन आले. ‘पण चार? चारा म्हणताना जीभ दातांकडे जाते, चार म्हणताना टाळूकडे. असे का?’ तर जुन्या मराठीत हा शब्द ‘च्यारि’ असा लिहिलेला आढळतो. लेखनातला य गेला, पण आपली खूण उच्चारात ठेवून गेला. सातशे वर्षांपूर्वीचे एक अक्षर आपल्या जिभेवर अजून नांदते आहे, हे ज्या मुलास स्वतःच्या शंकेतून कळले, त्याला भाषेचा अभिमान बाळग असे वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपण हे कसे शिकवतो ते पाहू. ‘स ला ते, स ला ना ते’ हा घोष येथे बसलेल्या बहुतेकांच्या कानांत अजून असेल. द्वितीयेचे प्रत्यय हेच, आणि चतुर्थीचेही हेच. ज्या मुलाने डोके चालवले त्याला साहजिकच वाटेल की प्रत्यय तेच, तर विभक्ती दोन कशास? आणि हा ‘ते’ कोण वापरतो? घरी, बाजारात, वर्तमानपत्रात, कोठेही तो प्रत्यय त्याच्या कानी पडलेला नसतो. पण असे विचारणाऱ्यास आपण ‘आगाऊ’ म्हणतो आणि खाली बसवतो.

गंमत अशी की हीच शंका मोठमोठ्या पंडितांनी काढलेली आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांच्या मतांची कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तील निबंधांतून कसून तपासणी केली. मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मागील साऱ्या व्याकरणकारांची मते मांडून त्यांचे खंडनमंडन केले. १९६४ साली अरविंद मंगरूळकरांनी पुस्तक लिहिले त्याचे नावच ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’. आणि १९८७ साली कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी लिहिले त्याचे नाव ‘मराठी व्याकरण: वाद आणि प्रवाद’. मराठीत विभक्ती किती मानाव्यात, प्रयोग किती मानावेत, संस्कृताचा साचा मराठीवर कितपत बसतो, यावर ही विद्वान मंडळी दीडशे वर्षे भांडत आली. भांडणे पंडितांनी केली. शाळेच्या पुस्तकात मात्र भांडणाचा मागमूसही नाही. तेथे उतरली ती फक्त उत्तरे, आणि तीही अशी की जणू ती आकाशातून पडली.

प्रयोगाचेच पाहा. नियम असा सांगतात की भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. ठीक आहे. मग मी ‘पाणी प्यालो’ कसा? मी ‘कविता शिकलो’ कसा? मी ‘तुझे नाव विसरलो’ कसा? पाणी, कविता, नाव ही कर्मे समोर उभी असता क्रियापद मात्र कर्त्याच्याच मागे जाते. अशा क्रियापदांची नोंद व्याकरणकारांनी घेतलेली आहे. पण मुलाच्या हाती पडतो तो बिनअपवादाचा नियम. मग मुलापुढे दोनच वाटा उरतात. नियम खरा मानून आपल्या कानांवर अविश्वास ठेवायचा, नाही तर व्याकरण हे परीक्षेपुरते थोतांड आहे असे ठरवून मोकळे व्हायचे. बहुतेक मुले दुसरी वाट धरतात. नियम काय सांगतो आणि कान काय सांगतात हे दोन्ही घेऊन विचार करण्याची तिसरी वाट त्यांस कोणी दाखवतच नाही.

आणि ही तिसरी वाट काही परदेशातून आणायची नाही. पतंजलीचे महाभाष्य घ्या. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी ते मराठीत आणलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा ग्रंथ सारा प्रश्नोत्तरांनी भरलेला आहे. एक पक्ष मांडायचा, त्यावर आक्षेप घ्यायचा, आक्षेपाचे निरसन करायचे, मग पुढे जायचे. त्यातला एक प्रसंग तर आम्हांस फार आवडतो. एक वैयाकरण एका सारथ्याला विचारतो की या रथाचा ‘प्रवेता’ कोण. सारथी उत्तर देतो की ‘प्राजिता’ मी आहे. वैयाकरण त्यास अडवतो, हा अपशब्द झाला म्हणतो. तेव्हा तो सारथी त्याला सुनावतो की नियम कोठे लागतो एवढेच आपण जाणता, लोकांत काय चालते ते जाणत नाही. वाद पुढेही होतो, आणि त्यातही सारथीच वरचढ ठरतो. व्याकरणाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथात वैयाकरणाची फजिती सांगितलेली आहे, आणि ती करणारा आहे घोडे हाकणारा माणूस! पतंजलीस हा प्रसंग सांगताना कमीपणा वाटला नाही. भाषेचा पुरावा लोकांच्या तोंडी असतो हे त्यास मान्य होते.

आमच्या वर्गांतून असे सारथी रोज बसतात, आणि रोज त्यांची तोंडे बंद केली जातात. वऱ्हाडातले मूल म्हणते, ‘तो काय करून राहिला?’ कोल्हापूरकडची मुलगी म्हणते, ‘मी आलो.’ लगेच वर्गात हशा पिकतो आणि ‘अशुद्ध’ असा शिक्का बसतो. त्या मुलीला हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रमाण मराठीत पुरुष ‘मी आलो’ म्हणतो आणि स्त्री ‘मी आले’ म्हणते. पण अनेकवचनात पुरुषही ‘आम्ही आलो’ म्हणतात आणि स्त्रियाही ‘आम्ही आलो’च म्हणतात. तेथे स्त्रीपुरुषभेद कोठे गेला? कोल्हापूरच्या मुलीने जे एकवचनात केले तेच प्रमाणभाषा अनेकवचनात करते. त्या मुलीच्या बोलण्यामुळे वर्गाला एक सुंदर प्रश्न मिळाला होता. हशात तो बुडाला. आणि प्रश्नाबरोबर दुसरेही काही बुडाले: ती मुलगी त्या दिवसापासून वर्गात तोंड उघडण्यापूर्वी दहादा विचार करू लागली. विचार भाषेचा नव्हे, भीतीचा.

येथे कोणी म्हणेल, मग प्रमाणभाषा नको म्हणता काय? मुळीच नाही. अर्ज लिहायचा, परीक्षा द्यायची, दूरच्या माणसाशी बोलायचे, तर सर्वांस समजेल असे एक रूप हवेच, आणि ते प्रत्येक मुलास आलेच पाहिजे. ज्याच्या घरी ते बोलले जात नाही त्यास तर ते अधिक काळजीने शिकवले पाहिजे. परंतु प्रमाण म्हणजे सर्वांनी मिळून मान्य केलेले, आणि मान्य केलेल्या गोष्टीस इतिहास असतो, हे सांगायला कशास भ्यावे? आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकात ‘नांव’ आणि ‘केलें’ असे छापलेले पाहून नातू विचारतो, ‘आजोबा, हे चूक ना?’ त्यास सांगावे की तेव्हाचा नियम तसा होता. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले लेखनाचे चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, तेव्हा उच्चारात नसलेले ते अनुस्वार गेले. पुढे १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. नियम माणसांनी केले, कारणे देऊन केले, आणि कारणे देऊनच बदलले. हे कळलेला मुलगा नियम मोडू लागेल ही भीती व्यर्थ आहे. ज्याला कारण कळले तो नियम अधिक निष्ठेने पाळतो.

दुसरा आक्षेप पाठांतराचा. आम्ही पाठांतराचे शत्रू नाही. लहानपणी पाठ केलेल्या ओव्या आणि अभंग पुढे आयुष्यभर सोबत करतात. पण पाठ कशाचे करावे यास काही मर्यादा हवी. कविता पाठ करावी. कवितेविषयीचे मत पाठ करू नये. आज आपण नेमके हेच करीत आहोत. राज्य मंडळाच्या परीक्षेत भाषेसाठी प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली, आणि तीत ‘स्वमत’ म्हणून भाग आला. मुलाने स्वतःचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडावा, हा हेतू अत्यंत स्तुत्य होता. पुढे काय झाले? बाजारातल्या मार्गदर्शकांत ‘स्वमत’ तयार छापून येऊ लागले, आणि शिकवणीच्या वर्गांत ते उतरवून दिले जाऊ लागले. मुले आता स्वमतही पाठ करतात! दुसऱ्याचे मत आपले म्हणून लिहावे आणि त्यास गुण मिळावेत, ही सवय पंधराव्या वर्षी लागली तर पंचविसाव्या वर्षी ती सुटेल कशी?

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो खरा आहे. वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम पुरा करायचा, वर नाना सरकारी कामे; प्रश्न विचारू देण्यास सवड कोठून आणावी? आमचे उत्तर एवढेच की रोज नको. आठवड्यातून एक तास, एक शब्द, एक शंका. आणि शिक्षकांस प्रत्येक उत्तर आले पाहिजे असेही नाही. ‘हे मलाही ठाऊक नाही, आपण मिळून पाहू’ असे जो शिक्षक वर्गात म्हणू शकतो, त्याचा मान कमी होत नाही. शोध घेणे म्हणजे काय ते मुले त्या वाक्यातून शिकतात.

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. हे सारे करून साधायचे काय? सगळी मुले व्याकरणकार व्हावीत काय? तसे नव्हे. ‘कर्ता ओळखा’ हा व्याकरणातला सर्वांत कंटाळवाणा प्रश्न. पण तोच प्रश्न शाळेबाहेर आणा. वर्तमानपत्रात येते, ‘निर्णय घेण्यात आला.’ कोणी घेतला? फलकावर लिहिलेले असते, ‘पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.’ कोण ठेवणार, आणि विचारायचे कोणास? बातमी म्हणते, ‘असे समजते.’ कोणास समजते? मराठीत कर्त्याला वाक्यातून अलगद नाहीसा करण्याच्या ज्या युक्त्या आहेत, त्या ज्याने शाळेत ओळखल्या त्याला हा नाहीसा झालेला कर्ता शोधून काढता येतो. आणि कर्ता सापडला म्हणजे जबाबदारी सापडली. लोकशाहीत नागरिकास याहून उपयोगी विद्या कोणती?

मोबाइलवर दिवसभर संदेश येत असतात. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.’ कोणत्या शास्त्रज्ञांनी, कधी, कसे? ‘सर्वांना माहीत आहे.’ सर्व म्हणजे किती? ‘लवकरात लवकर पुढे पाठवा.’ कोणाच्या फायद्यासाठी? एका गावात अफवा उठते आणि निरपराध माणसाला मार बसतो, एका घरात खोटे औषध घेतले जाते आणि रोगी दगावतो. तेथे अज्ञानाइतकेच वाक्य न तपासण्याच्या सवयीचेही काम असते. पंडितांची वाक्ये ज्याने दहाव्या वर्षी तपासली, तो मोठेपणी भोंदूंची वाक्ये तपासल्याविना सोडणार नाही. म्हणून आम्ही म्हणतो की भाषेच्या तासाला दाबलेली शंका ही शाळेपुरती राहत नाही. ती पुढे गावाला भोवते.

केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, आणि आपण सर्वांनी आनंद केला. तो रास्तच होता. परंतु दर्जा सरकार देते. भाषेस तेज येते ते तिच्यात चालणाऱ्या विचाराने. ज्या भाषेत मुले प्रश्न विचारतात, त्या भाषेत पुढे शास्त्र लिहिले जाते, कायदा तपासला जातो, राज्यकर्त्यांना जाब विचारला जातो. ज्या भाषेत मुले फक्त उत्तरे पाठ करतात, ती भाषा सणावारी नेसायच्या शालूसारखी पेटीत राहते.

आपणांपैकी बरेच जण पालक आहात, आजीआजोबा आहात. आपण शाळेच्या सुधारणेची वाट पाहत बसू नये एवढीच आमची विनंती आहे. आज घरी गेल्यावर ‘वेळ निघून गेला’ आणि ‘वेळ निघून गेली’ यांत फरक काय, हे घरातल्या लहान मुलाला विचारून पाहावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. ते काय म्हणते ते ऐकावे, त्यावर एक आडवे उदाहरण टाकावे आणि पुन्हा ऐकावे. त्यानेच उलट आपल्याला शंका विचारली आणि आपल्याला उत्तर आले नाही, तर तसे मोकळेपणाने सांगावे, आणि दोघांनी मिळून शब्दकोश उघडावा.

मात्र आम्ही सांगितले ते सारे खरेच मानावे असा आमचा आग्रह नाही. तपासून पाहावे, आणि चुकीचे आढळले तर पुढच्या वसंतात याच व्यासपीठावरून तसे सांगावे.